दोन तास पहारा, चार तास इतिहास

सन एकोणीसशे शहाऐंशी, जुलै महिना. स्थळ : दादरा व नगर हवेली या केंद्रशासित प्रदेशाचे मुख्य ठाणे जे सिल्वासा, त्यातील डोकमर्डी ही वस्ती. या काळी व या स्थळी निवृत्त हवालदार झुंबर दगा अहिरे, वय पस्तीस, यांनी एकाच आठवड्यात दोन गोष्टींचा शोध आरंभिला. पहिली, पदवी; दुसरी, त्या पदवीच्या आड न येणारी नोकरी. यांपैकी पहिली गोष्ट तुलनेने सोपी निघाली.

बारावीची परीक्षा त्यांनी फौजेत असतानाच बाहेरून दिली होती. त्या आधारावर वापीच्या एका महाविद्यालयाने त्यांना कला शाखेच्या पहिल्या वर्षात घेतले. पहिल्या दिवशी हवालदार वर्गात शिरले. पांढऱ्या सदऱ्याला सुरीसारखी इस्त्री, ओठांवर भरघोस मिशी, चालीत सतरा वर्षांची कवायत. सारी मुले खडबडून उभी राहिली. हवालदारांच्या तोंडून सवयीने "बैठ जाओ" निघून गेले, मुले बसली, आणि मग स्वतः हवालदार शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यावर उसळलेला हशा ओसरण्यापूर्वीच इतिहासाच्या प्राध्यापिका मालतीबाई सबनीस आत आल्या.

"पालकांनी बाहेर थांबावे," बाई म्हणाल्या.

"बाई, मी विद्यार्थी आहे."

बाईंनी चष्मा खाली करून त्यांना पाहिले. "मग तिथे काय करता? पुढे या. मागच्या बाकापर्यंत इतिहास पोचत नाही."

मालतीबाईंचे दोन नियम होते. सकाळी आठला त्या आत येत व दार लावून घेत. त्यानंतर ते कोणासाठीही उघडत नसे. आणि वर्षातली तीनचतुर्थांश हजेरी ज्याची भरली नाही, त्याचा परीक्षेचा अर्ज त्या पुढे जाऊ देत नसत. हवालदारांनी नम्रपणे विचारून पाहिले की, एखाद्या दिवशी सिल्वासाची बस चुकली तर?

"युद्धावर गेला होतात, हे कारण मी ऐकून घेईन," बाई म्हणाल्या. "बस चुकली, हे नाही."

"बाई, युद्धावर जाताना माझी बस कधी चुकली नव्हती."

"मग इथेही चुकणार नाही."

येथे वाचक विचारील की, निवृत्त मनुष्याला इतिहासाची एवढी ओढ कशासाठी? त्याचे उत्तर असे. एकाहत्तर साली, वयाच्या विसाव्या वर्षी, हवालदार सीमेवरच्या एका खंदकात होते. ते युद्ध कशामुळे पेटले आणि कशामुळे थांबले, हे त्यांना सुटीवर घरी आल्यानंतर गावच्या मास्तरांकडून कळले. आपण जेथे प्रत्यक्ष हजर होतो, तेथली हकिगत दुसऱ्याने आपल्याला सांगावी, ही गोष्ट त्यांना फार लागली. आपणही मास्तर व्हायचे आणि जे जे घडले ते का घडले हे पोरांना सांगायचे, असे त्यांनी त्याच सुटीत ठरवले होते. ठरवल्यापासून आरंभ करीपर्यंत पंधरा वर्षे लोटली, एवढेच.

परंतु निवृत्तिवेतनात डोकमर्डीची खोली आणि किराणा भागे; दोन मुलींची शाळा आणि वापीची बस भागत नसे. नोकरी हवीच होती. आणि सिल्वाशात त्या दिवसांत नोकऱ्यांना तोटा नव्हता. दर महिन्याला कोठे ना कोठे नव्या कारखान्याचे पत्रे चढत होते. अडचण निराळी होती. हवालदारांनी "मी फौजेत होतो" असे म्हणायचा अवकाश, की समोरच्याचा चेहरा उजळे आणि तो त्यांना फाटक दाखवी.

"फौजी? वा! उद्यापासून या," पेट्रोल पंपाचे मालक म्हणाले. "सकाळी सात ते संध्याकाळी सात. खुर्ची देऊ."

लाकडाच्या वखारीत खुर्ची नव्हती, परंतु वेळ तीच. चित्रपटगृहात वेळ दुपारी बारा ते रात्री बारा. सैनिक हा रखवालदारच व्हावा, हा समज तर्काला धरून नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सैनिक जागा राहतो, म्हणून जागे राहण्याचे प्रत्येक काम त्याच्याच गळ्यात घालावे, तर मग पहाटे उठणाऱ्या प्रत्येक माणसाला दूध घालायला लावावे लागेल. हवालदारांचा राग मात्र पहाऱ्यावर नव्हता. पहारा त्यांना येत होता आणि आवडतही होता. राग होता तो बारा तासांवर.

"तुमच्या कपाळावर 'फाटक' असं गोंदलंय का हो?" त्यांची पत्नी कावेरी भाकरी थापता थापता म्हणाली. "कुठंबी जा, फाटकापासून आत कुणी नेतच नाही."

"फाटकच सही. पण माझी सकाळ मला पाहिजे."

"मग सकाळ सोडून बाकीचं विका. तसं गिऱ्हाईक शोधा."

हे वाक्य कावेरीने थट्टेने उच्चारले. हवालदारांनी ते आदेशासारखे ऐकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गलोंड्याच्या रस्त्यावरील धाग्याच्या एका कारखान्यात गेले. व्यवस्थापक श्रीकांत सामंत मालवणकडचे होते. ताजी मासळी मिळत नाही म्हणून ते सदैव किंचित रुसलेले असत. आणि अलीकडे धाग्याची बॉबिने चोरीस जात असल्याने ते पूर्ण रुसले होते. हवालदारांनी नमस्कार केला आणि हातातली एक लाठी त्यांच्या मेजावर आडवी ठेवली.

"ही काय? भेट?" सामंतांनी विचारले.

"तुमचीच आहे, साहेब. फाटकावर एक बाबा झोपले आहेत. त्यांच्या मांडीवरून उचलून आणली."

सामंतांनी लाठीकडे पाहिले, खिडकीतून फाटकाकडे पाहिले. फाटकावर भगवंत नावाचा साक्रीकडचा वृद्ध रखवालदार मान छातीवर टाकून, दोन्ही हात मांडीवर, जणू ती लाठी अद्याप तेथेच आहे अशा विश्वासाने निद्रिस्त होता.

"दुसरा रखवालदार गेल्या आठवड्यात पळाला, म्हणून हा दिवसही करतो आणि रात्रही करतो," सामंत खजील होऊन म्हणाले. "तुम्ही रात्र घ्या. बारा तास."

"बारा नाही, साहेब."

"मग दिवस घ्या. बारा तास. तिसरा प्रकार देवाने निर्माण केलेला नाही."

"फौजेनं केलाय. दोन तास पहारा, चार तास विश्रांती. पुन्हा दोन तास पहारा. सीमेवर सलग बारा तास कुणाला उभं करत नाहीत. केलं, तर सहाव्या तासाला त्याला शत्रू अन् झाड यांतला फरक कळत नाही."

"आमच्याकडे शत्रू कुठला? आमच्याकडे भगवंत आहे."

"भगवंतबाबांना दोन तासच उभं करा. मग बघा."

हवालदारांनी मेजावर बोटानेच आकृती काढून मांडणी समजावली. माणसे तीन हवीत. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसरात्र मिळून चार पाळ्या येतात. त्यांच्या स्वतःच्या चार पाळ्यांपैकी एकच, सकाळची आठ ते दहा, कॉलेजच्या वेळेत पडते. ती तिसऱ्या माणसाने घ्यावी आणि मोबदल्यात त्याची कोणतीही एक पाळी हवालदारांना द्यावी.

"तिसऱ्या माणसाचा पगार मी काय शेठच्या खिशातून चोरू?" सामंतांनी विचारले.

"बॉबिन चोरतोय त्याच्याकडून वसूल होईल, साहेब. तो थांबला की झालं."

तिसरा माणूस कारखान्यातच सापडला. माल चढवण्याच्या कामावर गोकुळ नावाचा एरंडोलकडचा तरुण होता. त्याला कायम नोकरी हवी होती. पाळीच्या अदलाबदलीचा विषय निघताच त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली. "घ्या ना, हवालदार! माझी चार ते सहाची घ्या! त्या टायमाला डोकमर्डीच्या मैदानावर व्हॉलीबॉल असतो. रोज जीव तुटतो माझा." अशा रीतीने एकाची सकाळ आणि दुसऱ्याची संध्याकाळ, दोन्ही एकाच सौद्यात सुटल्या.

सामंतांनी होकार दिला, परंतु कच्चा. "कारखाना रसिकभाई शेठचा. ते मुंबईला असतात. हे असले तुकडे पाडलेले त्यांना ठाऊक नाही. येतील तेव्हा बघतील. नाही म्हणाले, तर सरळ बारा तास; नाहीतर तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा."

म्हणजे कॉलेज आता शेठच्या एका भेटीवर टांगलेले होते. हवालदारांनी ते जाणले आणि कामाला लागले.

पहारा म्हणजे नुसते उभे राहणे नव्हे, असा त्यांचा सिद्धांत होता. फाटकाजवळच्या खोलीत त्यांनी भगवंत आणि गोकुळ यांना समोर उभे केले आणि शिकवले की, अंधार पडल्यावर जो कोणी येईल त्याला "थम! कौन आता है?" असे हटकायचे. आपला माणूस असेल तर तो "दोस्त" म्हणेल. मग त्याला ओळख पटवण्यासाठी पुढे बोलवायचे आणि नंतर फाटक. पहाऱ्यावरच्या माणसाला हे सोडून दुसरे काही करायला लावण्याचा अधिकार फक्त त्याच्या गार्ड कमांडरला असतो. येथे गार्ड कमांडर हवालदार होते.

भगवंतबाबांच्या जिभेवर हिंदी बसेना. तीन संध्याकाळी प्रयत्न झाल्यावर त्यांनी ते वाक्य आपल्या अहिराणीत ओढून घेतले. "थम! कोन शे?" हवालदारांनी विचार केला आणि मान्यता दिली. अर्थ तोच होता. शिवाय आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता.

परंतु बाबांची एक समजूत वेगळीच झाली. उत्तर देणारा ओळखीचा असो वा नसो, तोंडाने "दोस्त" हा शब्द उच्चारल्यावाचून फाटक उघडायचेच नाही, असे त्यांनी पक्के धरले. टेम्पोवाले, मिस्त्री, कापलेला धागा उचलायला येणारा भंगारवाला, सगळे "दोस्त, दोस्त" करीत आत येऊ लागले. कामगारांना त्याची इतकी गोडी लागली की भर दुपारीही, हटकले नसताना, ते बाबांना "दोस्त!" अशी आरोळी ठोकून जात.

एका संध्याकाळी कावेरी डबा घेऊन कामगारांच्या टेम्पोतून आली.

"थम! कोन शे?"

"मी कावेरी, बाबा."

"दोस्त म्हन, सूनबाई."

"अगो बया! बाबा, काल माझ्याच हातची कळण्याची भाकरी खाल्लीत ना?"

"ती दिवसा खाल्ली. आता अंधार शे. दोस्त म्हन."

"परक्या माणसाला 'दोस्त' म्हणू? बागलाणात सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्या मला फाटकातूनच परत धाडतील!"

हवालदार खोलीतून सारे ऐकत होते. हसू दाबताना त्यांच्या मिशा थरथरत होत्या. बाहेर वाटाघाटी बराच वेळ चालल्या. शेवटी असे ठरले की, बायामाणसांनी "दोस्त"च्या ऐवजी "घरचं माणूस" म्हणावे. कावेरीने ते ठणकावून म्हटले. बाबांनी फाटक उघडले आणि डब्याकडे पाहून आदराने विचारले, "मिरचीचा ठेचा आनला का?"

बॉबिनांची चोरी थांबली. दोनच तास उभे राहायचे असल्याने बाबा खरोखर जागे राहत. शिवाय त्यांना जागे राहण्याचे दुसरेही एक कारण मिळाले होते. हवालदार विश्रांतीच्या चार तासांत अर्धा वेळ झोपत आणि अर्धा वेळ मोठ्याने इतिहास पाठ करीत. बाबा खाटेवर पडून ऐकत. पाळीची वेळ होई तेव्हा एखादा बादशहा नेमका वेढ्यात सापडलेला असे. बाबा लाठी उचलीत आणि बजावीत, "मी येईस्तोवर त्याला मारू नका."

वापीत तिमाही परीक्षा झाली. मालतीबाईंनी हवालदारांचा पेपर परत देताना एवढेच विचारले, "तहाची कलमे एवढी तोंडपाठ कशी?"

"बाई, माझा एक श्रोता आहे. एखादं कलम गाळलं, तर तो पहाऱ्यावर जात नाही."

दिवाळी गेली, थंडी पडली, आणि शेठ काही आले नाहीत. ते शनिवारी येणार, असा निरोप दोनदा आला आणि दोनदा फिरला. मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, कोणी अपेक्षा केली नसताना, दिवेलागणीच्या सुमारास एक पांढरी गाडी फाटकाशी येऊन थांबली आणि तिने जोरात भोंगा वाजवला. पहाऱ्यावर भगवंतबाबा होते.

"थम! कोन शे?"

चालकाने मान बाहेर काढली. "अरे काका, गाडी ओळखत नाय? शेठ छे, शेठ!"

"कोन शे ते शेठनं सांगावं. गाडीनं नाही."

मागची काच खाली आली. रसिकभाई शेठ स्थूल, गोरे आणि दिवसभराच्या प्रवासाने चिडलेले होते. "हूं मालिक छूं! मालक! खोल."

"मालक हा शबुद मला दिलेला नाही," बाबा म्हणाले.

"शुं?"

"दोस्त म्हना. मग फाटक."

"माझी फॅक्टरी, माझा गेट, माझा पगार खातोस, आणि मी तुझा दोस्त?" शेठचा आवाज चढला. "सामंत! ओ सामंत!"

सामंत कचेरीतून धावत आले आणि फाटकाच्या आतल्या बाजूस अडखळून थांबले. कारण कुलपाची किल्ली बाबांच्या कमरेला होती आणि बाबा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. सामंत तसेच वळून पहारेकऱ्यांच्या खोलीत घुसले. हवालदार पुस्तक हातात घेऊन उभेच होते. त्यांनी सारे ऐकले होते.

"हवालदार, तुमचं एकट्याचं तो ऐकतो. उघडायला सांगा!" सामंत दबक्या आवाजात म्हणाले. "शेठ आज ठरवणार आहेत. तुमचं अख्खं कॉलेज त्या फाटकात अडकलंय, कळतंय ना?"

हवालदारांना ते कळत होते. अधिकारही त्यांना होता. एक शब्द उच्चारला असता, तर बाबांनी फाटक सताड उघडले असते आणि शेठ शांत झाले असते. परंतु मालकाला सोडून इतर सर्वांना अडवणारा पहारा हा पहारा नव्हेच. मालकाची गाडी कोणीही आणू शकतो आणि मालकासारखे ओरडणे तर त्याहूनही सोपे आहे. आणि ज्या पद्धतीने त्यांना त्यांची सकाळ मिळवून दिली होती, तीच पद्धत स्वतःच्या सकाळसाठी मोडायची, तर उद्या सामंतांसमोर ती कोणत्या तोंडाने मांडायची? हवालदार बाहेर आले, बाबांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी गाडीला कडक सलाम ठोकला.

"शेठ, मी गार्ड कमांडर हवालदार अहिरे. मी सांगितलं तर हे फाटक उघडेल. पण मी सांगणार नाही. भगवंतबाबा बरोबर आहेत."

सामंतांनी डोळे मिटून घेतले. चालकाने इंजिन बंद केले. रस्त्यापलीकडे रातकिडे किरकिरत होते आणि शेठ काचेतून या दोघांकडे पाहत होते : एक मिशीवाला, बगलेत इतिहासाचे पुस्तक, दुसरा कानटोपीवाला, हातात लाठी.

ही शांतता भगवंतबाबांनाच प्रथम असह्य झाली. ते स्वभावाने मायाळू होते. पाहुण्याची अडचण त्यांच्या ध्यानात आली. ते किंचित पुढे झुकले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "शेठ, 'दोस्त' म्हनायला जड जात असलं, तर 'घरचं मानूस' म्हना. ते आम्ही बायांसाठी ठेवलंय. पन तुमाला चालवून घेऊ."

चालकाच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. सामंतांनी तोंडाला रुमाल लावला. आणि मग गाडीच्या मागल्या आसनावरून जो आवाज आला, तो प्रथम खोकल्यासारखा वाटला. परंतु तो वाढत गेला, गाडी हलू लागली आणि ते हसणे आहे याविषयी कोणालाच शंका उरली नाही. शेठ पोट धरून हसत होते. हसता हसताच त्यांनी दार उघडले, खाली उतरले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "दोस्त! अरे भाई, दोस्त, दोस्त!"

"फुडं या," बाबा गंभीरपणे म्हणाले. त्यांनी शेठच्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकला, तो वरपासून खालपर्यंत फिरवला आणि कुलूप काढले. "वळख पटली."

शेठ आत आले. डोळे पुसत त्यांनी हवालदारांच्या बगलेतले पुस्तक ओढून पाहिले. "आ शुं? पहाऱ्यावर पुस्तक?"

"पहाऱ्यावर नाही, शेठ. माझी विश्रांतीची वेळ आहे. सकाळी वापीला कॉलेजात जातो. बी.ए., इतिहास."

"आ उमरमां?"

"त्याच्यासाठीच पहाऱ्याचे तुकडे पाडलेत, शेठ," सामंत घाईने म्हणाले. "मी कळवणारच होतो. दोन तास उभं राहायचं, चार तास सुटी, तीन माणसं... तुम्ही म्हणाल तर उद्यापासून पुन्हा बारा तास."

शेठने त्यांना हाताने थांबवले आणि ते भगवंतबाबांकडे वळले. "काका, गेल्या वर्षी मी आलो होतो. याद हाय?"

"नाही, शेठ."

"कसा याद असणार? तू झोपला होता. मी माझ्या हाताने गेट खोलला, आत चा पिऊन परत गेलो. तुला खबर नाय." शेठने पुस्तक हवालदारांच्या हातात परत दिले आणि फाटकाकडे बोट केले. "आज पहिल्यांदा माझ्या फॅक्टरीनी मला विचारला, तू कोण."

बाबांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदार सावधानमध्ये उभे होते.

"शेठ, मग ठरलं काय?" बाबांनी सरळच विचारले. "माझा एक बादशा किल्ल्यात अडकून पडलाय. ह्यांचं कॉलेज बंद झालं, तर तो तिथंच राहील."

रसिकभाई शेठने सामंतांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते कचेरीकडे चालू लागले. चालता चालता, मागे न वळता, ते म्हणाले, "पद्धत बराबर हाय. बदलायची नाय. फौजीला सकाळी कॉलेजला जाऊ दे."